साथीची वर्दी

वाचकहो, साथीचा रोग गावात शिरताना वेशीवर थांबून कोणाची परवानगी मागत नाही. त्याची खबर आपणच काढावी लागते, आणि काढलेली खबर उपाय करणारी माणसे जेथे बसली आहेत तेथवर पोचवावी लागते. या पोचविण्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे – वर्दी. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती त्या इंग्रजी अमदानीत ही वर्दी गावचा कोतवाल देत असे. गावात कोणी जन्मले, कोणी दगावले, की त्याची नोंद व्हायची आणि ठरल्या दिवशी ती पोलीस ठाण्यावर जायची. तेथून आकडे तहसिलीला, जिल्ह्याला आणि मग प्रांताच्या अहवालात. मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजकेच असत. पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, अपघात आणि इतर.

या रकान्यांत सर्वांत भरलेला रकाना तापाचा. तो तसा का असे, हे सांगायला वैद्य लागत नाही. मलेरिया असो, विषमज्वर असो, फुप्फुसाचा दाह असो, घरच्या माणसाला अंग तापलेले तेवढे कळायचे आणि तेवढेच तो सांगायचा. कोतवाल काही नाडीपरीक्षा जाणणारा नव्हे. रकाना सोपा होता म्हणून तो भरला जाई; पण इतका सोपा होता की त्यातून उमगायचे थोडे. उलट, रकाने पन्नास ठेवले असते तर नोंदच झाली नसती. सोपेपणा आणि उपयोग यांची ही ओढाताण कोतवालाच्या वहीपासून आजच्या मोबाइलपर्यंत चालत आली आहे. आजच्या लेखाचा विषय तीच ओढाताण आहे. रोगाची वर्दी देण्यासाठी आता संगणकी व्यवस्था आल्या आहेत. त्या वापरायला सोयीच्या आहेत की नाहीत हे पाहायचे कसे, एवढाच प्रश्न आपण घेऊ.

‘एवढाच’ म्हटले खरे, पण प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ होती. त्या वेळी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने येथील रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला, आणि तो जेथे सापडला त्या चंडीपुऱ्याचे नाव त्याला दिले. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत चंडीपुरा हे नाव गेले ते असे. बराच काळ या विषाणूकडे कोणाचे फारसे लक्ष नव्हते. पुढे २००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली आणि तपासात हाच विषाणू पुढे आला. सँडफ्लाय नावाची, डासाहूनही बारीक माशी तो पसरविते. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी तापाने फणफणते, झटके येतात, शुद्ध हरपते आणि एका-दोन दिवसांत सगळे संपू शकते. २०२४ साली गुजरातेत त्याने पुन्हा मुलांचे बळी घेतले.

आता विचार करा. जो रोग दोन दिवसांत कारभार आटोपतो, त्याची वर्दी आठवड्याने पोचली तर तिचा उपयोग काय? गेलेले मूल तर गेलेच. पण शेजारच्या घरांत, शेजारच्या गावात फवारणी व्हायची, आयांना सावध करायचे, रुग्णालयात खाटा तयार ठेवायच्या, हे सगळे त्या वर्दीवर अवलंबून असते. बैल गेला आणि झोपा केला, अशी गत होऊ द्यायची नसेल तर पहिली खबर लवकर आणि नीट निघाली पाहिजे. आणि पहिली खबर निघते ती मोठ्या रुग्णालयातून नव्हे, तर आशाताईच्या घरभेटीतून, उपकेंद्रातल्या नर्सबाईच्या नोंदीतून.

आपल्या देशात यासाठी २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याची मांडणी समजायला अवघड नाही. तीन प्रकारचे तक्ते ठरले. पहिला आरोग्य सेविकेचा. त्यात रोगाचे नाव लिहायचे नसते, फक्त लक्षणे मोजायची. ताप, पुरळासह ताप, रक्तस्रावासह ताप, गुंगी किंवा बेशुद्धीसह ताप, खोकला, जुलाब, कावीळ, लहान मुलाचा अचानक लुळा पडलेला हात-पाय आणि ज्याचा उलगडा होत नाही असे काही विपरीत. दुसरा तक्ता डॉक्टरांचा. त्यात तपासून संशयित रोगाचे नाव येते. तिसरा प्रयोगशाळेचा, त्यात रक्त, पाणी, थुंकी तपासून पक्के झालेले निदान येते. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हे तक्ते वर जात. लक्षण, संशय, खात्री, अशा या तीन पायऱ्या. पुढे २०१८ मध्ये काही राज्यांत आणि ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर या कामासाठी नवी संगणकी व्यवस्था आली. तिचे नाव इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म, म्हणजे आरोग्याच्या माहितीचा एकत्रित फलाट म्हणा ना. पूर्वी १८ रोगांवर नजर होती, ती आता ३३ रोगांवर गेली. आठवड्याची वाट न पाहता खबर जवळजवळ लगेच वर जावी, कोठल्या गावी रुग्ण वाढताहेत ते नकाशावर दिसावे, हा तिचा उद्देश.

उद्देश उत्तम आहे, यात वाद नाही. पण व्यवस्था उभी राहणे वेगळे आणि ती हाताळता येणे वेगळे. पुस्तकी मराठीत याला वापरसुलभता म्हणतात. साध्या भाषेत विचारायचे तर, ज्याने ती वापरायची त्याला ती झेपते का? एखादी नोंद चुकली, उशिरा आली, आलीच नाही, की आपण चटकन म्हणतो, “नाचता येईना अंगण वाकडे.” कामाची टाळाटाळ, शिक्षणाचा अभाव, मोबाइलची भीती अशी कारणे आपल्या ओठांवर तयार असतात. पण वाचकहो, कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते. वापरसुलभतेची तपासणी म्हणजे नाचणारीला बोल लावण्याआधी पाणसळ लावून अंगण पाहणे.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवितो. वैद्यक हा काही माझा प्रांत नव्हे. पण माणूस यंत्रापुढे बसला की त्याचे लक्ष, त्याची आठवण आणि त्याचा थकवा कसे वागतात, हा आमच्या शास्त्राचा जुना विषय आहे. या शास्त्राने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून एक व्याख्या मान्य केली. तिचे सार असे: ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या परिस्थितीत वस्तू वापरली, तर काम बरोबर होते का, त्याला श्रम व वेळ किती लागतो, आणि त्या माणसाला ते काम करताना समाधान असते का. म्हणजे अचूकपणा, काटकसर आणि समाधान ही तीन मापे झाली. मात्र या व्याख्येतला ‘ठरलेल्या परिस्थितीत’ हा तुकडा फार मोलाचा आहे. मुंबई-दिल्लीच्या गार खोलीत, मोठ्या पडद्यावर, सराईत हाताने दाखविलेले प्रात्यक्षिक नेहमीच छान होते. पण त्यावरून नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, अंगणात उभे राहून, डोळे किलकिले करून मोबाइल वाचणाऱ्या बाईचे काम कसे होईल, हे कळत नाही.

तेव्हा ही तपासणी कोराडीसारख्या ठिकाणीच करून पाहू. कोराडी हे नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यात. एका बाजूला १९७४ पासून चालत आलेले औष्णिक वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला जगदंबेचे देऊळ. जुने गावकरी आहेत, वीज केंद्राच्या वसाहती आहेत, कंत्राटावर आलेले परप्रांतीय मजूर आहेत, आणि नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणारी अलोट गर्दी आहे. रोगाची वर्दी देण्याच्या दृष्टीने हे गाव सोपे नाही, आणि म्हणूनच ते चांगले परीक्षास्थान आहे.

समजा, एक नर्सबाई एका घरी गेली. आई सांगते, “पोट्ट्याले ताप हाये जी. रात्रभर बरळत होतं. आता पाह्यते, पन वळखत नाही.” आता ही नोंद कोणत्या रकान्यात? नुसता ताप, की गुंगीसह ताप? रकान्यावर ‘सेमी-कॉन्शस’ लिहिले काय किंवा ‘अर्धशुद्धावस्था’ लिहिले काय, आईच्या तोंडचा शब्द ‘वळखत नाही’ हा आहे. या तीन शब्दांमध्ये पूल बांधण्याचे काम नर्सबाई मनातल्या मनात, क्षणात करते. ती चुकून ‘नुसता ताप’ हा पहिला रकाना भरून मोकळी झाली, तर जिल्ह्याच्या नकाशावर एक साधा ताप वाढेल. चंडीपुऱ्याची किंवा दुसऱ्या मेंदूज्वराची शंका कोणाला येणारच नाही. यंत्र बिघडले नाही, बाईने आळस केला नाही, तरी वर्दी हरवली. रकान्याखाली एक ओळ असती – ‘मूल हाकेला ओ देते का? आईला ओळखते का?’ – तर ती हरवली नसती. वापरसुलभता म्हणतात ती अशा एका ओळीत असते. रंगीबेरंगी चित्रांत नसते.

पुढचा प्रश्न, ताप कधीपासून? मोबाइलला तारीख हवी असते. आई म्हणते, “मारबत निघाली ना, त्या दिवशी अंग तापलं.” नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते हे आपल्याला ठाऊक, दिनदर्शिकेचा चौकोन घेऊन बसलेल्या यंत्राला काय ठाऊक? मग नर्सबाई मनात हिशेब करते, नाही तर घाईत आजचीच तारीख टाकते. साथ कोठून कोठे गेली हे शोधणाऱ्याला आजार सुरू झाल्याची तारीख फार लागते. सगळ्याच नोंदींवर भेटीची तारीख पडली तर साथीचा सारा माग पुसला जातो. ‘किती दिवस झाले?’ असा सोपा प्रश्न विचारून तारीख यंत्रानेच काढावी, हे काही अशक्य नाही.

तिसरा प्रश्न पत्त्याचा. मजूर कामाला कोराडीत, राहतो खोली घेऊन शेजारच्या वस्तीत, आधारकार्डावर गाव दुसऱ्या राज्यातले, आणि दवाखाना गाठला नागपूरच्या मेडिकलमध्ये. त्याचा कॉलरा किंवा डेंग्यू नकाशावर कोठे टाकायचा? रोग जेथे जडला ते ठिकाण हवे. पण अर्जात एकच पत्ता असेल तर लिहिणारा कार्डावरचा पत्ता उतरवितो, आणि कोराडीतली डासांची डबकी सुखरूप राहतात. नवरात्राचेही तसेच. दर्शनाला आलेला भाविक आपल्या गावी परतल्यावर चार दिवसांनी आजारी पडतो. ‘गेल्या दोन आठवड्यांत कोठे गेला होतात?’ हा प्रश्न अर्जात असून तो विचारायला सोपा असेल, तरच दहा गावांतले दहा रुग्ण एका जत्रेशी जोडले जातील.

मग तपासणी करायची कशी? पद्धत साधी आहे, पण तिला धीर लागतो. नर्सबाईच्या शेजारी बसायचे. तिला खऱ्यासारखी चार-पाच कामे द्यायची. मघाच्या त्या मुलाची नोंद कर. काल चुकलेले वय दुरुस्त कर. रेंज नसताना नोंद करून ठेव आणि रेंज आल्यावर ती गेली का ते पाहा. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत काम करायला सांगायचे. ‘इथं आता काय दाबू?’, ‘हे गेलं का राहिलं?’, ‘पुन्हा पहिल्यापासून भरायचं?’ हे तिचे उद्गार म्हणजे सोन्याचे कण. आणि तपासणाऱ्याने काय करायचे? गप्प बसायचे. बोट दाखवायचे नाही, ‘अहो, वरती बघा की’ असे म्हणायचे नाही. कारण उद्या तिच्या शेजारी तो बसलेला नसणार. किती नोंदी बरोबर झाल्या, प्रत्येकीला किती मिनिटे लागली, कोठे अडली, कोठे मागे फिरली, हे फक्त टिपायचे.

यासाठी शेकडो माणसे लागत नाहीत. जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉअर यांनी १९९३ मध्ये दाखविले, की एकाच प्रकारची पाचच माणसे घेतली तरी व्यवस्थेतल्या बहुतेक मोठ्या अडचणी उघड होतात. सहावा माणूस बहुधा त्याच खड्ड्यात पाय घालतो. मात्र ‘एकाच प्रकारची’ हे विसरू नका. सेविका, डॉक्टर, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, जिल्ह्याचा अधिकारी, यांची कामे निराळी. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला सोयीचा वाटणारा पडदा सेविकेला सोयीचा असेलच असे नाही. किंबहुना वरच्याला जितके जास्त हवे, तितके खालच्याला जास्त भरावे लागते.

समाधान मोजण्यासाठीही एक हलके साधन आहे. इंग्लंडमधील जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये दहा वाक्यांची प्रश्नावली तयार केली. ‘ही व्यवस्था वारंवार वापरावीशी वाटते’, ‘ही विनाकारण गुंतागुंतीची आहे’ अशी एक बरी, एक वाईट वाक्ये आलटून पालटून येतात, म्हणजे कोणी न वाचता एकाच ओळीत खुणा करून मोकळे होऊ नये. प्रत्येक वाक्याशी आपण किती सहमत, हे एक ते पाच या आकड्यांत सांगायचे. हिशेब करून शून्य ते शंभर यांमधला एक गुण निघतो. साधारण ६८ ही सरासरी मानतात. पण ही परीक्षेची टक्केवारी नव्हे, आणि एकटा हा गुण पुरत नाही. आपल्याकडची सेविका वरून आलेल्या साहेबापुढे ‘सगळं छान आहे जी’ असेच म्हणणार. म्हणून प्रश्न विचारणारा माणूस तिचा अधिकारी नसावा, आणि तिच्या तोंडच्या गुणांपेक्षा तिच्या हातून झालेल्या कामाकडे जास्त पाहावे.

येथे कोराडीकरांना कळेल असे एक उदाहरण देतो. वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात दिवे, काटे आणि घंटा किती महत्त्वाच्या असतात, हे तेथील कामगाराला सांगायला नको. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. एक झडप उघडी अडकून राहिली आणि तिच्यातून पाणी निसटत राहिले. पण नियंत्रण फलकावरच्या दिव्याने कर्मचाऱ्यांची समजूत करून दिली, की झडप बंद आहे. कारण तो दिवा झडप बंद झाली का हे दाखवीत नव्हता. झडपेला ‘बंद हो’ असा हुकूम गेला, एवढेच दाखवीत होता. त्यात पहिल्या काही मिनिटांत शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकाच वेळी सुरू झाले. कोणता इशारा महत्त्वाचा, हे कळेनासे झाले. चौकशीत माणसांच्या चुका निघाल्या, तशाच त्या फलकाच्या रचनेच्याही निघाल्या.

रोगाच्या वर्दीतही असेच फसवे दिवे असतात. ‘या आठवड्यात सर्व केंद्रांचे अहवाल आले’ असा हिरवा दिवा लागला, तर काय कळले? तक्ते आले, एवढेच. रोग पाहिला गेला की नाही, हे त्यात नाही. शून्याचेच पाहा. एक शून्य असे, की नर्सबाई घरोघर फिरली आणि कावीळ कोठेही आढळली नाही. दुसरे शून्य असे, की ती रजेवर होती आणि तक्ता रिकामा जाऊ नये म्हणून कोणी शून्ये भरून पाठविली. दोन्ही शून्ये पडद्यावर सारखीच गोल. पहिल्यावर विसंबून निश्चिंत राहता येते. दुसऱ्यावर विसंबणे म्हणजे उघड्या झडपेपुढे बसून राहणे. चांगली व्यवस्था या दोन शून्यांना वेगळी खूण देते. इशाऱ्यांचेही तेच. दोन सर्दीचे रुग्ण वाढले तरी घंटा वाजू लागली, तर खऱ्या घंटेकडेही कोणी मान वळविणार नाही.

वापरसुलभतेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे आपण महाराष्ट्रात पाहिलेही आहे. रोगाच्या वर्दीचे नव्हे, पण तिच्या अगदी शेजारचे उदाहरण पोषणाच्या नोंदींचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. मोबाइल जुने झाले, तापतात, बंद पडतात, त्यांत जागा पुरत नाही आणि नोंदीचा ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. वजन करणे, आहार देणे, आईला समजावणे हे काम या बायांना येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. अंगण वाकडे होते, आणि ते सांगायला त्यांना मोबाइल परत करावे लागले.

दुसरे उदाहरण कोरोनाच्या पहिल्या वर्षातले. १६ जून २०२० रोजी राज्याच्या मृत्यूंच्या आकड्यात, आधी न मोजल्या गेलेल्या १,३२८ मृत्यूंची एकदम भर पडली. ते मृत्यू त्या दिवशीचे नव्हते; निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्यावर ते हिशेबात आले. त्या दिवसांत रुग्णालयांवर कामाचा किती डोंगर होता हे आपण सारे जाणतो, म्हणून येथे दोष कोणाला द्यायचा नाही. पण एकाच रुग्णाची माहिती प्रयोगशाळेने एका ठिकाणी, रुग्णालयाने दुसऱ्या ठिकाणी आणि महापालिकेने तिसऱ्या ठिकाणी भरायची असेल, तर त्या ताडून पाहण्यात दिवस जाणारच. साथीत दिवस जाणे म्हणजे काय, ते मघाशी चंडीपुऱ्याच्या निमित्ताने पाहिलेच.

यावरून एक मोठी गोष्ट ध्यानात येते. नव्या संगणकी व्यवस्थेने जुनी वही बंद केली, की वहीवर आणखी एक ओझे चढविले? आधी वहीत लिहायचे, मग मोबाइलमध्ये भरायचे, मग महिनाअखेर तक्ता करायचा. तीच माहिती तीनदा. तपासणाऱ्याने फक्त मोबाइलवरची मिनिटे मोजली तर व्यवस्था झटपट दिसेल. पण सेविकेचा सगळा दिवस मोजला तर निराळे चित्र दिसेल. आणि या वेळेची किंमत कोण देतो? ज्या घरी ती पोचू शकली नाही, ते घर.

सबंध व्यवस्थेची परीक्षा कशी घ्यावी, याचीही मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००१ मध्ये ती सुधारून प्रसिद्ध केली. त्यांत साधेपणा, लवचिकपणा, माहितीचा कस, लोकांना ती मान्य असणे, खरा रोगी निसटू न देणे, खोटी हाकाटी न करणे, सर्व थरांतल्या लोकांचे प्रतिबिंब पडणे, वेळेवरपणा आणि टिकाऊपणा असे नऊ गुण सांगितले आहेत. हे नऊही एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत, आणि येथेच खरी ग्यानबाची मेख आहे. माहिती अधिक हवी तर साधेपणा घटतो. एकही रुग्ण निसटू नये असे म्हटले तर खोट्या घंटा वाढतात. लवचिकपणाचे पाहा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले आणि काही दगावलेही. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा हा ताप. पुष्कळांनी त्याचे नावही ऐकले नव्हते. अशा अनोळखी पाहुण्यासाठी अर्जात मोकळी जागा हवी, आणि ‘काहीतरी वेगळे दिसते आहे’ असे चार शब्द लिहिण्याची मुभा सेविकेला हवी. रकान्यात न मावणारी शंका हीच पुष्कळदा पहिली वर्दी असते.

खासगी दवाखान्यांचा प्रश्नही याच मान्यतेच्या गुणात येतो. ताप आला की आपल्यातले किती जण आधी सरकारी केंद्रात जातात? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातात. त्यांच्यापुढे वीस माणसे खोळंबलेली असतात. २०१२ पासून क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची खबर सरकारला देणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले, आणि त्याच वर्षी त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकी व्यवस्थाही सुरू झाली. पण कायद्याने हात बांधता येतो, हाताला वेळ देता येत नाही. एका नोंदीला दहा मिनिटे लागत असतील तर ती रात्रीवर ढकलली जाईल. एक मिनिट लागत असेल तर रुग्ण समोर असतानाच होईल. तेव्हा खासगी डॉक्टरांना या तपासणीतून वगळणे म्हणजे अर्धे गाव वगळणे होय.

शेवटी एक कसोटी सांगतो. माझ्या मते ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. नोंद करणाऱ्याच्या हाती परत काय येते? आज बहुतेक ठिकाणी माहिती नदीसारखी वाहते, एकाच दिशेने. नर्सबाई भरते, आकडे वर जातात, वर आलेख निघतात. पण ‘तुझ्या शेजारच्या दोन गावांत या आठवड्यात जुलाब वाढले आहेत, विहिरी तपास’ अशी एक ओळ तिच्या मोबाइलवर परत आली, तर काय होईल? तिला कळेल की आपण भरलेला आकडा कोणीतरी वाचतो. मग ती उद्याची नोंद अधिक काळजीने करील. तिला धाक घालावा लागणार नाही, की बक्षीस द्यावे लागणार नाही. माणसाचा हात ज्या कामाचे फळ पाहतो ते काम मनापासून करतो, हे मानसशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको. शेतकऱ्याला विचारा, तोही तेच सांगेल.

तर वाचकहो, आपण काय करू शकतो? आपण व्यवस्था बांधणारे नाही, पण तिच्यात नोंदले जाणारे तर आहोत. आशाताई दारात आली आणि तिने तेच प्रश्न पुन्हा विचारले तर वैतागू नका. ती कदाचित रेंज गेल्यामुळे पुसली गेलेली नोंद पुन्हा भरीत असेल. ताप कधी चढला, कोठे जाऊन आला होतात, मूल ओळखते की नाही, हे नेमके सांगा. शेजारी दोन-तीन घरांत सारखाच आजार दिसला तर ती येण्याची वाट न पाहता तिला निरोप द्या. आणि आपल्यापैकी जे ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत बसतात, त्यांनी आरोग्याच्या बैठकीत ‘अहवाल आले का?’ एवढ्यावर थांबू नये. पुढचे तीन प्रश्न विचारावेत. ही माहिती एकदाच भरावी लागते की तीनदा? ती भरणाऱ्या बाईच्या शेजारी बसून कोणी कधी पाहिले आहे का? आणि गेल्या महिन्यात तिने पाठविलेल्या खबरेवरून तिच्या गावात नेमके काय केले गेले? या प्रश्नांची उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी ती पुन्हा काढून वाचावीत.